गयेत सोडलेली तुती

खालच्या स्वयंपाकघरातून पातेलं खरवडल्याचा आवाज आला की मी वर बसल्याबसल्या ओळखायचे, त्रिपुरसुंदरीअक्का आता जेवायला बसल्या. त्याआधीचे आवाज वेगळे असत. वाढण्याचा डाव, ताकाची रवी, अक्कांच्या सासूबाईंचं ‘अजून थोडें सांबार’, यजमान सेतुमाधवरावांचं ‘हूं’. खरवडणं सगळ्यात शेवटी. अक्कांच्या ताटात काय पडत असेल ते पाहायला खाली उतरावं लागत नसे.

आम्ही दोन हजार दोन साली सांगलीहून चेन्नईला आलो. ह्यांना अंबत्तूरच्या एका गिअरच्या कारखान्यात नोकरी लागली होती. जागा शोधताना एका फाटकाशी आम्ही दोघं आपापसात मराठीत कुरबुरत उभे होतो, तर आतून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले आणि म्हणाले, “मराठी ना? मग वरचा मजला घ्या. कंजूषपणा करूं नका मात्र, दिवे लावा.” हे सेतुमाधवराव. बंदराच्या कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले. त्यांची मराठी ऐकून मला पोथी कुणीतरी मोठ्याने वाचतंय असं वाटायचं. ‘मला’ नाही, ‘मज’. वाक्याचं शेपूट मात्र तमिळसारखं वर उचललेलं. अक्का मला पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, “शशी, तुझें मराठी आगगाडीसारखें पळतें. मज चढतां येत नाहीं. सावकाश बोल गे.”

राव माणूस वाईट नव्हते. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढे वाचताना तसं वाटेल. कधी हात उगारला नाही, व्यसन नाही, देवपूजा एक दिवस चुकली नाही. फक्त त्यांना समोरची बाई दिसायची नाही. समोरचं ताट दिसायचं.

मागच्या अंगणात बोअरच्या पंपाशेजारी तुतीचं झाड होतं. आमच्या गल्लीतल्या तमिळ बायका त्याला रेशमाच्या किड्यांचं झाड म्हणत आणि किडे पाहायला मिळतील म्हणून पोरांना घेऊन येत. किडे नव्हते. अक्कांचे वडील होसूरजवळ सरकारी रेशीम-फार्मात कारकून होते. तिथे ओळीने तुतीची झुडपं, मजुरीण बायका पाला खुडून न्यायच्या, आणि कामगारांची, कारकुनांची पोरं मागे राहिलेली फळं खात फिरायची. “पानें सरकारचीं, फळें आमचीं,” अक्का सांगायच्या. हे सांगताना त्यांचा आवाज जरा मोठा व्हायचा, म्हणून लक्षात आहे. एरवी त्या घरात त्यांचा आवाज म्हणजे पाय न वाजवता चालावं तसा.

लग्न होऊन त्या चेन्नईतल्या तिरुवल्लिकेणीला आल्या. अरुंद गल्लीतलं भाड्याचं घर, वर-खाली लॉजिंगमधले ब्रह्मचारी, तुळससुद्धा खिडकीच्या गजात बांधलेली. अंबत्तूरला घर बांधलं तेव्हा कुठे अंगण मिळालं. वास्तुशांतीला त्यांचे भाऊ कृष्णाजी होसूरहून बसने आले, ते आहेर म्हणून ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या तुतीच्या पेन्सिलीएवढ्या काड्या घेऊन. सासूबाई म्हणाल्या, “भावानें बहिणीला काटक्या दिल्या.” अक्कांनी सगळ्या लावल्या. तुतीची काडी कशीही खोचली तरी जगते, त्याही जगल्या. सासूबाईंनी एक ठेवू दिली.

त्या झाडाचं गणित अक्कांनी मला शिकवलं. चेन्नईत थंडी नाही, त्यामुळे झाडाला विश्रांती नाही, आणि सोडून दिलं तर ते नुसतं पानांचा पसारा करत उंच जातं. फळ हवं असेल तर त्याला फसवावं लागतं. फांद्यांचे शेंडे कापायचे, उरलेलं एक न् एक पान हाताने ओरबाडून काढायचं, झाड उघडंबोडकं करायचं आणि मग मुळाशी भरपूर पाणी. ते घाबरतं. घाबरून नव्या कोंबाबरोबरच फळ धरतं. असं वर्षातून दोनतीनदा करता येतं. “आपल्यासारखेंच,” अक्का कोयता पुसत म्हणायच्या. “ओरबाडल्याविना कामाचें नाहीं.” त्या हसत म्हणायच्या. मीही तेव्हा हसले होते.

दुष्काळाच्या वर्षी बोअर आटलं, पाण्याच्या लॉरीमागे घागरी घेऊन पळायची वेळ आली, तेव्हा अक्का तांदूळ धुतलेलं पाणी, डाळ धुतलेलं पाणी, भांड्यांचं शेवटचं खंगाळलेलं पाणी असं सगळं त्या झाडाला नेऊन घालत. सासूबाई ओट्यावरून म्हणायच्या, “माणसांस स्नानाला पाणी नाहीं, आणि हिचें झाड बघा, मंगळस्नान करतें.”

फळ धरलं की अक्का जुनी मच्छरदाणी झाडावर टाकायच्या, कारण कोकीळ आणि बुलबुल आपल्या आधी उठतात. आणि पहाटे स्नान करून, सोवळ्याचं लुगडं (त्या त्याला मडी म्हणत) नेसून झाडाशी जायच्या. पहिलं पिकलेलं फळ तुळशीपुढे ठेवायच्या, हात जोडायच्या, आणि मग तिथेच उभ्याउभ्या खायच्या. काळीभोर, बोटभर लांब फळं. मी जिन्यावरून पाहायचे. डोळे मिटून, अजिबात घाई न करता.

घरात ते फळ कुणाला नको होतं. सासूबाईंना डाग पडतात म्हणून, रावांना ते पोरांचं खाणं वाटे म्हणून. म्हणून तर ते अक्कांचं राहिलं होतं. सगळा जन्म ज्या बाईने सगळ्यांच्या मागून खाल्लं, ती हे एकच काय ते सगळ्यांच्या आधी खायची.

मला त्यांनी बोलावून घेतलं. “ये गे, खा. काळें बघून घे, तांबडें घेऊं नको. तोंड वाकडें झालें तर नवरा म्हणेल खालच्या म्हातारीनें बायको बिघडवली.”

“आधीच बिघडलीये म्हणतात, अक्का.”

“मग दोन जास्त खा.”

बोटांना जांभळा रंग लागला की त्याच झाडाचं कच्चं हिरवं फळ चोळायचं, रंग जातो, हेही त्यांनीच दाखवलं. त्या स्वतः मात्र कधीच लगेच चोळायच्या नाहीत. दुपारपर्यंत तो रंग बोटांवर वागवायच्या.

सासूबाई गेल्या. वर्षश्राद्ध आटोपल्यावर रावांनी गयेचं ठरवलं, मार्चअखेरीस. निघण्याआधी अक्कांनी नेम धरून झाड छाटलं होतं, परत येईपर्यंत फळ तयार व्हावं म्हणून. मला बजावलं, “पाणी चुकवूं नको. आणि त्या काळ्या मेल्याला आंत शिरूं देऊं नको, तो पहांटेच येतो.” मी कोकिळाला हाकलत बसले. झाड असं लगडलं की मच्छरदाणी खाली ओढली गेली.

टॅक्सी फाटकाशी थांबली तशी मी वाटी भरून घेऊन उतरले. अक्कांनी वाटी हातात घेतली. मग माझ्या हातात परत दिली.

“मज नको,” म्हणाल्या. “सोडलें.”

गयेला अक्षयवटाखाली शेवटचं पिंडदान झालं की यात्रेकरूने काहीतरी सोडायचं असतं. एक फळ, एक भाजी, आयुष्यभरासाठी. शास्त्र म्हणतं, आवडतं सोडा. माणसं नावडतं सोडतात. मी पाहिलंय, आमच्या ओळखीचे एक जण गयेला दुधी सोडून आले आणि घरात पेढे वाटले. रावांनी स्वतःसाठी कारलं आणि कवठ सोडलं. कारलं त्यांना कधीच आवडत नव्हतं आणि दात पडल्यापासून त्यांनी कवठाकडे पाहिलेलंही नव्हतं. मग पंड्याने विचारलं, माताजी काय सोडणार.

अक्का मला हे अंगणातच, बॅगा घरात जायच्या आधी सांगत होत्या. “सीताफळ म्हणणार होत्यें. तोंड उघडलें होतें मीं. पण हे बसले होते तिथून बाहेरची फळवाल्याची हातगाडी दिसत होती. तिच्यावर हींच फळें, शहतूत म्हणून ओरडत होता तो. हे म्हणाले, हिचें तें लिहा. माझा हात ह्यांच्या हाताला लागलेला. पंड्यानें पाणी सोडलें.”

“तिथल्या तिथे बोलायचं ना अक्का.”

“पाणी पडलें होतें गे.”

मी देवाधर्माची बाई आहे. उपास, पारायणं, सोवळंओवळं, सगळं जमेल तसं करते, दिवसाकाठी वहीत दोन ओळी लिहिते त्यातही पहिली ओळ देवाचीच असते. संकल्पाचं पाणी म्हणजे काय ते मला कुणी समजावायला नको होतं. म्हणून मी अक्कांना ‘खा हो, कोण बघतंय’ असं म्हटलं नाही. पण त्या संध्याकाळी रावांपुढे जाऊन उभी राहिले.

ते खुशीत होते. “शशीबाई, लोक केळें सोडतात, आणि प्रसादांत केळें आलें कीं पंचाईत. मी विचार केला. तुती आपल्याकडे बाजारांत मिळते कुठें? मोडायची भीतीच नाहीं. हिला अगदीं सोपें करून दिलें.”

“राव, मागे झाड आहे.”

त्यांनी मागच्या दाराकडे पाहिलं. खरोखर आठवल्यासारखं पाहिलं. “अरे हो,” म्हणाले. मग, “पण तें हिला कुठें एवढें आवडतें?”

मी वर निघून आले. ह्या माणसाला शिव्या तरी काय देणार. शिवी द्यायला समोर कुणीतरी दुष्ट लागतो.

तेवढ्यावर राहिलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. अक्कांनी झाड कापून टाकलं असतं, नाहीतर फळं गल्लीतल्या पोरांना वाटली असती. पण त्याच उन्हाळ्यात रावांना साखरेचा आजार निघाला, आणि त्यांच्या बरोबर फिरायला जाणाऱ्या नारायणस्वामींनी कुठल्याशा तमिळ मासिकात वाचलेलं सांगितलं की साखरेला तुती चांगली. खरं की खोटं देव जाणे. रावांनी आंबा सोडला, फणस सोडला, आणि सकाळची एक वाटी तुती सुरू केली.

आता अक्का कोयता घेऊन झाड छाटायच्या ते ह्या वाटीसाठी. पानं ओरबाडायच्या, पाणी घालायच्या, मच्छरदाणी टाकायच्या, पहाटे उठून खुडायच्या, त्यातलं एक तुळशीला दाखवायच्या आणि वाटी आत नेऊन द्यायच्या. मग बाहेर येऊन पंपाशी हिरवं फळ चोळून बोटं स्वच्छ करायच्या. आता लगेच करायच्या, रंग राहू द्यायच्या नाहीत. बोट चुकून तोंडात जाईल ही धास्ती.

एका सकाळी मी खाली दूध घ्यायला उतरले होते. राव वाटी संपवून, जांभळ्या ओठांनी म्हणाले, “बरें आहे कीं ग हें. इतकीं वर्षें कां दिलें नाहींस?”

अक्का वाटी उचलून आत गेल्या.

देवावर मी रागावले नाही. देवाने काही मागितलं नव्हतं. पण मला राहवेना. तिरुवल्लिकेणीच्या मठात एक वृद्ध आचार्य होते, शंकांची उत्तरं द्यायचे. मी अक्कांना घेऊन गेले, गाडीने सेंट्रलपर्यंत आणि पुढे बसने. बायकांच्या रांगेतून अक्कांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. आचार्यांनी एवढंच विचारलं, “पाणी कोणाच्या हातावर पडलें?”

“ह्यांच्या. माझा हात लागलेला.”

“मग त्यांनीं यावें. बायकोला न विचारतां बोललों, एवढें म्हणावें. प्रायश्चित्त लहान आहे, मी सांगेन. पण म्हणावें त्यांनीं.”

येताना बसमध्ये अक्कांनी मल्लिगेचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरा घेतला, अर्धा तोडून माझ्या केसांत माळला. “ह्या खेपेची फळें तूं आणि मी,” म्हणाल्या. त्यांना इतकं बोलताना मी पुन्हा पाहिलं नाही.

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला असावा. रावांचा आवाज वरपर्यंत आला, चढलेला नव्हता, नुसता आश्चर्याचा. “एवढ्याशा फळासाठीं मी आचार्यांपुढें उभा राहूं? चुकलों म्हणूं? आईच्या श्राद्धाचा संकल्प तो. लोक काय म्हणतील? बघूं, बघूं पुढें.”

त्यानंतर ते त्या मठात कितीदा तरी गेले. आराधनेला गेले, उत्सवाला गेले, तिथे पंक्तीला जेवले, आचार्यांना नमस्कार करून तीर्थ घेऊन आले. ‘बघूं’ ते बघूंच राहिलं. दोन वर्षं गेली. अक्का दर वेळी दाराशी वाट पाहायच्या हे मी पाहत होते. ते आत शिरले की त्यांच्या तोंडाकडे बघायच्या, मग चपला उचलून बाजूला ठेवायच्या.

मग एका वर्षी पाऊस संपला, कार्तिक सरला, आणि कोयता रुब्बुगुंड्यामागे तसाच राहिला. वाटणघाटणाच्या त्या दगडामागे त्याची नेहमीची जागा. झाड वाढत सुटलं. आमच्या गच्चीच्या कठड्याला लागलं. नुसती हिरवीगार, ताटाएवढी पानं, आणि पार शेंड्याला कुठेतरी चारदोन बारीक फळं, ती पाखरांची.

राव अंगणात उभे राहून वर पाहायचे. “यंदा झाडाला काय झालें?”

“वय झालें,” अक्का म्हणाल्या.

“झाडाचें?”

“माझें.”

झाड आपोआप फळतं अशी त्यांची समजूत. इतक्या वर्षांत त्यांनी छाटणी पाहिलीच नव्हती, म्हणजे डोळ्यांसमोर झाली होती पण पाहिली नव्हती. त्यांनी शेणखताची गाडी मागवून मुळाशी घातली. पानं आणखी माजली. नारायणस्वामींनी मीठ घालायला सांगितलं, ते घातलं. शेवटी माझ्याकडे आले. “शशीबाई, तुम्ही हिच्या बरोबर असायचां. हें असें कां?”

“अक्कांना विचारा राव.”

“ती कांहीं बोलत नाहीं.”

“मग मी कशी बोलू?”

हे त्यांना लागलं असावं, किंवा वाटीची आठवण जास्त झाली असावी. एक दिवस जरीकाठी धोतर नेसून ते एकटेच निघाले आणि दुपारी उन्हातून परत आले. मला खाली हाक मारली. साक्षीदार हवा होता. अक्का पदराला हात पुसत बाहेर आल्या.

रावांनी कागदाच्या पुडीतून अक्षता काढल्या. “जाऊन आलों. म्हटलें आचार्यांना, बायकोला न विचारतां बोललों. प्रायश्चित्तही करून आलों. घे, सुटलीस. आजपासून खा.” आणि त्याच श्वासात, “उद्यां तें झाड काय करायचें तें कर. आतां तरी येतील ना?”

अक्कांनी अक्षता डोक्यावर घेतल्या, वाकून नमस्कार केला. मला वाटलं, झालं. माझे डोळे भरून आले होते.

मग त्या म्हणाल्या, “तिथें मज विचारलें नाहीं. सोडवून आणतांनाही विचारलें नाहीं.”

“अग, तुझ्यासाठींच तर गेलों.”

“वाटीसाठीं गेलांत.”

राव माझ्याकडे पाहू लागले. मी फरशीकडे. अक्का देवघरात गेल्या आणि पंचपात्र, ताम्हन घेऊन आल्या, पळीभर पाणी स्वतःच्या उजव्या हातावर घेतलं. दुसरा कुणाचा हात नाही, कुणाला लागलेला नाही. मला वाटतं त्यांचे ओठ हलत होते. पाणी ताम्हनात सोडलं.

“तेव्हां तुमच्या तोंडानें सुटलें होतें,” म्हणाल्या. “आतां माझ्या तोंडानें सोडलें. तुती. ही आतां कोणाला सोडवितां येणार नाहीं.”

“वेड लागलें हिला,” राव मला म्हणाले. “पाव्वम, उन्हाचें असेल.” पाव्वम म्हणजे बिचारी.

हे मी चार जणींना सांगितलं तेव्हा सगळ्यांनी अक्कांची वाहवा केली. काय मानी बाई, म्हणाल्या. मला तसं वाटलं नाही, अजून वाटत नाही. ज्या दिवशी वाटीभर तुती तिच्यासमोर मोकळी झाली, त्या दिवशी तिला आपला मान राखायला तीच द्यावी लागली. तिच्याजवळ सोडण्यासारखं आपलं असं दुसरं काही नव्हतंच. मी त्या दिवशी देवापुढे बसले आणि काय मागावं ते सुचेना. नुसती वात सारत बसले.

पुढच्या मार्चात सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खाली राव छत्री घेऊन झाडाखाली आले. शेंड्याला दोनचार काळी फळं दिसत होती. त्यांनी पायरीवर चढून छत्रीची मूठ एका फांदीत अडकवली आणि ओढायला लागले. एका हातात वाटी. अक्का आत पूजेला बसल्या होत्या, त्यांचं स्तोत्र खिडकीतून ऐकू येत होतं, रोजच्यासारखं, न चढता न उतरता. राव ओढत राहिले. फांदी कडकन बुंध्याशी तुटली, वाटी पंपावर आपटून वाजली, राव “अग” म्हणून ओरडले.

स्तोत्र थांबलं नाही. अक्कांनी चालू श्लोक पुरा केला, पुढचा घेतला.